चित्राचा सातबारा

गेल्या शनिवारी इंदापूरला जाऊन आलो. खरं तर रिलीज डोक्यावर बसलेलं, टेस्टिंगवाल्यांनी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला (त्यांना हाच मुहूर्त सापडतो) नवे सतरा बग टाकलेले. पण आईचा फोन आला. "मामाच्या घरी सामानाची वाटणी आहे. भांडणं व्हायच्या आत ये." आता यावर काय बोलणार? निघालो. यवतला चहा, भिगवणला मासे, आणि दुपारी दीडच्या सुमारास मामाच्या दारात.

मामा गेला त्याला वर्ष झालं. मामी आहे. मामाचा मुलगा, म्हणजे दादा, बारामतीत असतो, आणि ताई पुण्यात. मला वाटलं होतं, भांडण झालं तर जमिनीवरून होईल. आपल्याकडे भांडायचं तर जमिनीवरूनच भांडायचं अशी पद्धत आहे. पण जमिनीचं अर्ध्या तासात मिटलं. मामाची कागदपत्रांची ट्रंक उघडली, आणि त्यात प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ, आजोबांच्या नावावरून मामाच्या नावावर आलं तेव्हाचे फेरफार, सगळं तारीखवार. उजनी धरणात जी जमीन गेली तिचेही कागद होते! म्हणजे ज्या जमिनीवर गेली चाळीसेक वर्षं पाणी आहे, जिथे आता फक्त फ्लेमिंगो उभे राहतात, तिचा मालक कोण होता, कोणाकडून कोणाकडे आली, हे आजही त्या ट्रंकेत वाचता येतं.

भांडण झालं ते एका चित्रावरून.

दीड फूट बाय एक फूट. सोप्यात, कॅलेंडरच्या शेजारी कायम टांगलेलं. मी लहानपणापासून पाहत आलोय. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काळसर पावाचा अर्धा तुकडा, दोन कांदे (एकाला हिरवा कोंब फुटलेला), आणि लोखंडी कडी असलेल्या धारकात ठेवलेला काचेचा चहाचा ग्लास. बस. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना हा प्रकार माहीत असेल. बाई टेबलावर तांब्या, वांगं आणि चुरगळलेलं कापड मांडायच्या आणि म्हणायच्या, काढा स्थिरचित्र. तसलंच. फक्त ज्याने काढलं त्याला येत होतं, एवढाच फरक :)

मामा ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला, सोव्हिएत तंत्रज्ञानावर. मामाही सत्तरच्या दशकात ट्रेनिंगसाठी तिकडे काही महिने राहून आला. येताना लोकरीची टोपी, एकातून एक निघणाऱ्या बाहुल्या आणि मोडकंतोडकं रशियन घेऊन आला. आणि हे चित्र. म्हणजे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

दादाच्या डोक्यात चित्र शिरलं ते एका बातमीमुळे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात हुसेनचं 'ग्राम यात्रा' हे चित्र सुमारे एक कोटी अडतीस लाख डॉलरला गेलं. रुपयात साधारण ११८ कोटी. आधुनिक भारतीय चित्राला तोवर लिलावात एवढी किंमत कधीच आली नव्हती. आधीचा विक्रम अमृता शेरगिलच्या 'द स्टोरी टेलर'चा, २०२३ मधला, ६१.८ कोटींचा. दादा म्हणाला, "हुसेन पंढरपूरचा. आपल्याच पालखीच्या रस्त्यावरचा माणूस. त्याचं एवढं, तर रशियन चित्राचं काहीतरी असेलच की." आता यात लॉजिक काय हे विचारू नका. पण दादाच्या पोराची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, ऊस जाऊन बिल यायचंय. अशा वेळी भिंतीवरचं चित्र माणसाला वेगळंच दिसायला लागतं. त्याला हसण्याचा अधिकार मला नाही.

तर दादाने चित्राचे फोटो काढले आणि पुण्यातल्या एका जुन्या चित्रांच्या व्यापाऱ्याला दाखवले. त्या माणसाने चित्र कसं आहे, रंग कसे आहेत, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "कुठून आलं? कागद काय आहेत?" दादा म्हणाला, वडिलांनी रशियातून आणलं. "पावती? पत्र? वडिलांचा चित्रासोबत फोटो?" काहीच नाही. "मग फ्रेमचे पैसे येतील," असं म्हणून त्याने विषय संपवला.

दादाला राग आला. मला मात्र तो प्रश्न बरोबर वाटला, आणि गंमत म्हणजे अगदी ओळखीचा वाटला. इंदापूर तालुक्यात कोणी जमीन घ्यायला निघाला तर तो आधी माती बघत नाही. आधी सातबारा काढतो, मग मागचे फेरफार बघतो. कोणाकडून आली? वारसाने, खरेदीने की बक्षीसपत्राने? कोणाची सही राहिली आहे? बहिणींनी हक्क सोडलाय का? चित्रांच्या दुनियेत याच गोष्टीला मोठं फ्रेंच नाव आहे, प्रॉव्हेनन्स. आपण आपलं सातबारा म्हणू.

आता 'ग्राम यात्रे'चा सातबारा बघा. हुसेनने ते १९५४ मध्ये काढलं. जवळजवळ चौदा फूट लांब, आणि त्यात खेड्यातल्या जगण्याची तेरा छोटी दृश्यं. जात्यावर बसलेल्या बाया, बैलगाडी, पोरंबाळं अशी. त्याच वर्षी दिल्लीत ते विकत घेतलं डॉक्टर लिऑन एलियास वोलोदार्स्की यांनी. हे मूळचे युक्रेनमधले, पुढे नॉर्वेचे झालेले, छातीच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आले होते. जाताना चित्र नॉर्वेला घेऊन गेले आणि १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला मृत्युपत्राने गेलं. मग अनेक दशकं ते रुग्णालयाच्या एका कॉरिडॉरमध्ये टांगलेलं होतं. येणारे-जाणारे डॉक्टर त्याच्यासमोरून जात असतील, कॉफीचा कप हातात घेऊन. मग २०२५ चा लिलाव, आणि रुग्णालयाने जाहीर केलं की येणारा पैसा नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरू.

बघा, किती सरळ उतारा आहे. चित्रकार, डॉक्टर, रुग्णालय, लिलाव. सत्तर वर्षांत तीन नोंदी. मध्ये कुठे कोणी चोरलं नाही, कोणी खोटं काढलं नाही, "हे आमच्या आजोबांचं" म्हणत कोणी आलं नाही. ११८ कोटींतला मोठा वाटा अर्थात हुसेनच्या कुंचल्याचा. पण हा स्वच्छ उतारा नसता तर तो आकडा आला नसता, हेही तितकंच खरं.

सोव्हिएत चित्रांचं याच्या बरोबर उलटं आहे. त्या देशात चित्रकाराचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. चित्रकार संघटनेचे सभासद, संघटनेचा कला निधी, त्यांच्याकडून ऑर्डरी. चित्रं जायची कारखान्यांच्या क्लबात, सॅनेटोरियममध्ये, सरकारी कचेऱ्यांत. काही दुकानांतून सामान्य लोकांनाही मिळायची. ट्रॅक्टर आणि पोलाद काढलं तर मोठी ऑर्डर, मोठं प्रदर्शन. पाव आणि कांद्याला तेवढा मान नव्हता. पण म्हणूनच कदाचित त्यात थोडा मोकळा श्वास घेता येत असावा. पेत्रोव्ह-वोदकिन नावाच्या चित्रकाराने १९१८ साली, ऐन उपासमारीच्या दिवसांत, गुलाबी टेबलक्लॉथवर एक खारवलेला मासा, पावाचा तुकडा आणि दोन बटाटे एवढंच काढलं. चित्राचं नावही नुसतं 'हेरिंग'. सहा वर्षांनी, १९२४ मध्ये, माश्कोव्हने पावांनी ओसंडून वाहणारं टेबल काढलं. दोन्हीत घोषणा एकही नाही, पण त्या सहा वर्षांत काय बदललं ते दोन टेबलं बघून कळतं.

पुढे डिसेंबर १९९१ मध्ये देशच संपला. क्लब बंद पडले, कचेऱ्या रिकाम्या झाल्या, भिंतीवरची चित्रं उतरली आणि स्वस्तात परदेशी व्यापाऱ्यांकडे गेली. ज्या खात्याच्या मालकीची ती होती ते खातंच राहिलं नाही, मग जुनी नोंद विचारणार कोणाला? डेटाबेस ड्रॉप झाला आणि बॅकअप कोणी घेतलाच नव्हता, असा प्रकार. आज बाजारात अशी कितीतरी चित्रं आहेत ज्यांचा इतिहास १९९० च्या दशकात कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या गोडाऊनपासून सुरू होतो. त्याआधी कोरं.

पण मामाचं चित्र त्याच्या वीस वर्षं आधी देशाबाहेर पडलेलं. म्हणजे त्याचा उतारा तिकडे नाही, इकडेच हरवलेला असणार. इकडे म्हणजे आमच्याच घरात.

म्हणून मी सरळ घरच्यांनाच विचारलं. हे चित्र मामाकडे कसं आलं? तीन माणसं, तीन उत्तरं.

दादा : "आबांनी तिथे पगारातले पैसे वाचवून मॉस्कोच्या दुकानातून घेतलं."

आई : "छे. एक म्हातारी रशियन बाई होती, तिने याला मुलगा मानलं होतं. तिने निघताना दिलं."

मामी आत भाकऱ्या करत होती. ती तिथूनच म्हणाली, "ते चित्र आपलं न्हाय."

सगळे गप्प.

मामी हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "ओझरला शेजारच्या बिल्डिंगीत आंध्रवाले भावजी होते. ह्यांच्याबरोबरच रशियाला होते. त्यांचं चित्र ते. त्यांची कोरापुटला बदली झाली तवा सामान लई झालं, म्हणून काच फुटंल ह्या भ्यानं आपल्याकडं ठिवलं. म्हणले, पुढल्या खेपंला नेतो. ते काय परत आले न्हाईत. हे कवातरी म्हणायचे, त्याला एकदा पत्र टाकलं पायजे. टाकलं न्हाई."

दादा उसळला. "चाळीस वर्षं आपल्या भिंतीवर आहे. आपण पुसलं, आपण जपलं. आता त्यांचं कसलं?"

मी मध्ये पडलो नाही. चित्र उतरवलं आणि उलटं केलं. (गंमत बघा, पस्तीस वर्षं मी ते चित्र बघतोय. मागची बाजू पहिल्यांदा बघितली.) मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पिवळी पडलेली छापील चिठ्ठी, अर्धी फाटलेली. मोबाइलचं भाषांतराचं ॲप वर धरलं. एक शब्द लागला, 'नात्युरमोर्त', म्हणजे स्थिरचित्र. त्याखाली १९६८. चित्रकाराच्या आडनावाची शेवटची तीन अक्षरं उरलेली. किमतीचा आकडा होता त्या जागी बुरशीचा डाग.

आणि चिठ्ठीच्या खाली, बॉलपेनने, इंग्रजीत, दोन आद्याक्षरं आणि एक क्वार्टर नंबर. आद्याक्षरं मामाची नाहीत. ताई म्हणाली, "हा आपला क्वार्टर नाही. आपण खालच्या मजल्यावर होतो."

सॉफ्टवेअरवाल्यांना हा क्षण माहीत असेल. एखादी विचित्र ओळ असते कोडमध्ये, सगळे म्हणतात ती अमक्याने लिहिली, आणि मग कोणीतरी गिट ब्लेम मारतं. नाव भलत्याचंच निघतं. खोलीत एकदम शांतता :)

बारामतीच्या कोर्टात वकिली करणारा माझा एक मित्र आहे, त्याला फोन लावला. मला वाटलं तो म्हणेल, एवढ्या वर्षांनी काही नाही, तुमचंच झालं. जमिनीवर बारा वर्षं उघड कब्जा असला तर लोक जसं म्हणतात तसं. तो हसला. म्हणाला, सांभाळायला दिलेल्या वस्तूचं गणित वेगळं असतं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अशा जंगम वस्तूसाठी तीन वर्षांची मुदत आहे, पण ती सुरू कधी होते? ज्याची वस्तू आहे त्याने ती परत मागितली आणि तुम्ही 'देत नाही' म्हणालात, त्या दिवसापासून. "तुमच्याकडे कोणी मागितलं का?" नाही. "तुम्ही नाही म्हणालात का?" नाही. "मग घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही."

चाळीस वर्षं, आणि घड्याळ शून्यावर! मामीला कायदा माहीत नाही, पण ती बरोबर तेच बोलली होती. आपलं न्हाय.

आता मला जे म्हणायचंय ते. आपण मालकीचा इतिहास लिहून ठेवतो तो भांडणाच्या भीतीने. जमिनीसाठी माणसं कोर्टात जातात, म्हणून जमिनीचा प्रत्येक गुंठा कागदावर आहे. घरातल्या वस्तूंसाठी सहसा कोणी जात नाही, म्हणून त्यांचा कागद नाही. आणि कागद नसला की काय होतं? एक पिढी गेली की वस्तू आपोआप, काहीही न करता, ज्याच्या भिंतीवर असेल त्याची होते. कोणी चोरी करत नाही. कोणी खोटंही बोलत नाही. दादा खोटं बोलत नव्हता, आईसुद्धा नाही. त्यांनी एक रिकामी जागा आपल्याला आवडेल अशा गोष्टीने भरून टाकली. मला याची भीती जास्त वाटते. चोराला निदान माहीत असतं की आपण चोर आहोत.

तुम्ही म्हणाल, एका कांद्या-पावाच्या चित्राचं काय एवढं? बरोबर. जगात याहून फार मोठी प्रकरणं आहेत. व्हॅन गॉगचं 'द नाइट कॅफे' घ्या. मॉस्कोच्या इव्हान मोरोझोव्हने ते १९०८ मध्ये घेतलं. क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, बोल्शेविक सरकारने त्याचा सगळा संग्रह ताब्यात घेतला. १९३३ मध्ये परकीय चलनासाठी ते चित्र विकून टाकलं. अमेरिकेतल्या स्टीफन क्लार्कने घेतलं आणि त्याच्या मृत्युपत्राने ते येल विद्यापीठात गेलं. मोरोझोव्हच्या पणतूने दावा सांगितला. बरीच वर्षं कोर्टात गेली आणि शेवटी २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. चित्र येलमध्येच राहिलं. हा न्याय की अन्याय, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण एक बघा. पणतू भांडू तरी शकला, कारण प्रत्येक टप्प्याची नोंद होती. हरला, पण पणजोबाचं नाव चित्राच्या इतिहासातून गेलं नाही. आमच्या आंध्रवाल्या काकांकडे काय आहे? पुठ्ठ्यावरची दोन अक्षरं आणि मामीची आठवण. मामी चौऱ्याहत्तरची आहे.

मित्राने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती फार आवडली. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, की महसुली नोंद ही मुळात सारा कोणी भरायचा यासाठी असते. तरीही फेरफाराला एक मोठा अर्थ आहे. तलाठी नोंद धरतो, मग ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, चावडीवर लागते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. त्यानंतरच नोंद मंजूर होते. मला वाटतं, या सगळ्या कारभारातला हा सगळ्यात सुंदर शब्द आहे. हरकत. नोंद करणं म्हणजे 'हे माझं आहे' असं ओरडणं नव्हे. 'हे माझ्याकडे असं असं आलं, कोणाला काही म्हणायचंय का?' असं विचारणं. आणि विचारून थोडं थांबणं.

यावर मामीचं म्हणणं ऐका, कारण तिचं म्हणणंही खोटं नाही. ती म्हणाली, "कागद झाला की भांडण येतंय. त्या भावजींनी काय लिहून घेतलं का? इस्वासावर ठिवलं." खरंय. विश्वास होता म्हणूनच कागद झाला नाही. पहिल्या दिवशीच "सही करा" म्हणाले असते तर मामाला वाईट वाटलं असतं. पण विश्वास दोन माणसांत असतो, आणि माणसं जातात. मामा गेला तेव्हा त्याच्याबरोबर तो विश्वासही गेला असता, मामी भाकऱ्या करताना बोलली नसती तर. विश्वास जिवंत ठेवायचा असेल तर तो पुढच्या पिढीला वाचता येईल अशा जागी लिहायला हवा. कोडमध्ये आपण कॉमेंट का लिहितो? संगणकाला त्याची गरज नसते. आपल्यानंतर ते कोड जो उघडेल, ज्याने आपल्याला कधी पाहिलेलं नसेल, त्याच्यासाठी लिहितो. (निदान लिहायला हवी. असो.)

मग आम्ही काय केलं? आधी अर्थात जेवलो. भुकेल्या पोटी वाटणी करू नये.

मग मी वहीचं एक पान घेतलं आणि वर लिहिलं, 'नोंद'. त्याखाली :

१. चित्र सोव्हिएत रशियातलं. मागच्या चिठ्ठीप्रमाणे साल १९६८. चित्रकाराचं आडनाव अर्धं.

२. ओझरचे एक सहकारी यांनी आणलं (मागे आद्याक्षरं आणि क्वार्टर नंबर). विकत की भेट, माहीत नाही.

३. त्यांची कोरापुटला बदली झाली तेव्हा मामांकडे सांभाळायला ठेवलं. आधार : मामीचं सांगणं. दादा आणि आईने ऐकलेली हकीकत वेगळी आहे, तीही खाली लिहिली आहे.

४. सध्या मामीकडे. कोणीही विकायचं नाही. हरकत असल्यास किंवा अधिक माहिती असल्यास कळवावे.

खाली सगळ्यांच्या सह्या. दादाची सुद्धा. त्याने सगळ्यात शेवटी केली, आणि पेन ठेवताना म्हणाला, "च्यायला, ११८ कोटी गेले." सगळे हसले, तोही हसला. पण फीचा प्रश्न खराच आहे. तो आम्ही वेगळा बसून सोडवला, चित्राशिवाय. तो सोडवायला चित्राची गरज नव्हती, भावंडांची होती. ते इथे लिहीत नाही.

कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून चित्रामागे चिकटवला. चित्राचे आणि पाठीचे फोटो काढले. ताईने ते ओझरच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तो ग्रुप सध्या बराच जागा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हापासून म्हातारे लोक रोज जुने फोटो टाकतायत. विमान निवृत्त झालं, ते बनवणारे निवृत्त झाले, आता त्यांच्या आठवणींची पाळी आहे. कोणीतरी उत्तर दिलंय, की त्या काकांना ते ओळखत होते, विशाखापट्टणमला त्यांची मुलगी असते असं ऐकलंय, नंबर शोधून देतो. बघू.

ती सापडली आणि म्हणाली "पाठवा", तर पाठवू. ती म्हणाली "राहू दे तुमच्याकडे", तर तेही लिहू. नोंद पाच. मग ते खऱ्या अर्थाने आमचं होईल. आणि नाहीच सापडली तर नोंद चार आहे तशीच राहील आणि पुढच्या पिढीला निदान एवढं कळेल, की हे आपलं नाही, आपण सांभाळतोय.

रात्री निघताना मी त्या कोंब फुटलेल्या कांद्याकडे जरा वेळ बघत बसलो. कोणीतरी १९६८ मध्ये तो समोर ठेवून काढला. कोंब म्हणजे कांदा बरेच दिवस तसाच पडून होता. कोणी चिरला नाही, कोणी टाकला नाही. त्या माणसाचं पूर्ण नावही आमच्या उताऱ्यात नाही, याचं सगळ्यात वाईट वाटलं. पहिलीच नोंद अर्धी.

तर मंडळी, एक छोटं काम सांगतो. या वीकेंडला घरातली एक वस्तू घ्या. आजीचं घड्याळ, कोणीतरी दिलेला पितळी दिवा, भिंतीवरचं चित्र, काहीही. ती उलटी करा. मागे काही लिहिलंय का बघा. नसेल तर आई-बाबांना, काकूला, आत्याला फोन लावा, आणि ते जे सांगतील ते तारखेसकट लिहून मागे चिकटवा. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि सोमवारी उरलेले बग आहेतच.